थिजलेलं तेल

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी कुणीतरी डॉक्टर लिहितो. कधी सर्जन, कधी भूलतज्ज्ञ, एकदा तर दातांचासुद्धा. यंदा संपादक सुमतीबाईंनी गणपतीच्या जेवणात मला गाठलं. म्हणाल्या, "बापट, आता डॉक्टर पुरे झाले. अंक उघडला की औषधाचा वास येतो. तुम्ही नुकतेच रिटायर झालात, तुम्ही लिहा. नोकरीत अभिमान वाटावा असं काहीतरी केलंच असेल की!"

केलंच असेल की! बाईंचा आशावाद दांडगा.

लीड्सच्या आसपासच्या आपल्या मंडळींत मी जवळजवळ एकटाच बिनडॉक्टर. दर वर्षी एखादा नवा रजिस्ट्रार डॉक्टर विचारतो, "काका, आपण कुठल्या हॉस्पिटलात?" मी म्हणतो, "हॉस्पिटलात नाही, कौन्सिलमध्ये. गॅस विकत घेतो." "म्हणजे भूल द्यायचा?" "नाही हो, शेगडीचा." एवढं म्हटलं की लगेच त्याला पलीकडे कुणीतरी ओळखीचं दिसतं. चालायचंच. पण माझ्या हिशेबी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, शाळा, वाचनालयं, वृद्धाश्रम, तरणतलाव, इतक्या सगळ्या इमारतींत सकाळी रेडिएटर गरम झाला की त्यात माझा हात असे. लोकांना तो हात दिसत नाही. गार झाला की मात्र दिसतो.

आधी धंदा समजावून सांगतो. घाबरू नका, पाच मिनिटांचं काम आहे.

मी लागलो तेव्हा गॅस विकणारा एकच होता. तो सांगेल तो भाव, आपण मुकाट्याने द्यायचा. पुढे नव्वदीच्या तोंडावर बाजार मोकळा झाला. मोठ्या गिऱ्हाइकाने हव्या त्या विक्रेत्याकडून गॅस घ्यावा, अशी मुभा आली. पाइप तेच, गॅस तोच, फक्त करार कुणाशी करायचा ते आपण ठरवायचं. पण आमच्यासारखं छोटं कौन्सिल एकटं गेलं तर विक्रेते चहासुद्धा विचारत नसत. मग आजूबाजूची नऊ कौन्सिलं एकत्र आली. गाव करील ते राव काय करील, हे इंग्रजांना मराठीत सांगावं लागलं नाही, त्यांचं त्यांनाच कळलं.

कळलं खरं, पण वळायला वेळ लागला. पहिल्या तीन बैठका कुणाच्या टाउन हॉलमध्ये भरवायच्या यावर गेल्या. एका कौन्सिलचा माणूस दुसऱ्याच्या शेजारी बसेना, कारण वीस वर्षांपूर्वी कुठल्याशा सरहद्दीच्या आखणीत त्यांची एक बाग यांच्याकडे गेली होती. बागेचा राग गॅसवर! त्यांच्या मधे मी बसायचो. दोघांनाही माझी बाग माहीत नव्हती, म्हणून मी चालायचो.

तर करार दोन प्रकारचे असत. एक पक्का. कितीही थंडी पडो, गॅस मिळणार. दुसरा कच्चा. म्हणजे वर्षभर गॅस स्वस्तात, पण कडाक्याच्या थंडीत गॅस कमी पडायला लागला की विक्रेता फॅक्स करणार, आणि तुम्ही काही तासांत गॅस बंद करून तेलावर जायचं. त्यासाठी बॉयलरला दोन्ही इंधनं चालली पाहिजेत आणि अंगणात तेलाची टाकी भरलेली पाहिजे. विक्रेत्याने आम्हाला सांगितलं, नऊ जणांना मिळून हा भाव हवा असेल तर प्रत्येकाने आपापल्या वाटणीचे काही गॅसचे मीटर, म्हणजे त्यांवरच्या इमारती, कच्च्या करारावर द्यावेत. एक जरी कमी पडला तरी भाव सगळ्यांचाच मोडेल.

शेजारच्या कौन्सिलच्या खजिनदाराने गंभीर चेहऱ्याने आपलं स्मशानगृह यादीत घातलं. "आमच्या गिऱ्हाइकांना थांबायला वेळ असतो," म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. यादी फिरत माझ्यापर्यंत आली, तेव्हा माझ्याकडे एक मीटर कमी होता. आठ कौन्सिलांची तोंडं माझ्याकडे वळली.

मी म्हणालो, "आमचे बाथ्स लिहा."

बाथ्स म्हणजे आमच्या गावचा टेकडीवरचा तरणतलाव. थंडीत चार दिवस तलाव बंद राहिला तर कुणी मरत नाही. पण त्या मीटरवर नुसता तलाव नव्हता. एकच मोठं बॉयलरहाउस, आणि त्यातल्या गरम पाण्याचे पाइप जमिनीखालून शेजारच्या, आमच्याच कौन्सिलच्या, वृद्धाश्रमात जायचे. चाळीसएक म्हातारी माणसं. मीटर बसवला तेव्हा कुणीतरी कागदावर 'बाथ्स' लिहिलं, ते तसंच राहिलं. मला हे पुरतं माहीत होतं. पण टाकी होती, तेल होतं. तेलावर वृद्धाश्रमही उबदार राहील, असा माझा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता हो! कागदावर आजही तो बरोबर येतो.

त्या वृद्धाश्रमात मिसेस ॲक्रॉइड होती. तिच्याबद्दल सांगायलाच हवं. मी या देशात आलो तेव्हा खोल्या भाड्याने देणाऱ्या बायका माझा चेहरा पाहून "आत्ताच गेली बघा खोली" म्हणायच्या. या बाईने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आत ये, हीट बाहेर चाललीय." खोलीत नाणं टाकून चालणारी गॅसची शेगडी होती. पहिल्याच हिवाळ्यात मला फ्लू झाला. तापात पडलेलो असताना दर थोड्या वेळाने मीटरमध्ये नाणं पडल्याचा आवाज यायचा आणि शेगडी पुन्हा भडकायची. तीन दिवस बाई स्वतःची नाणी टाकत होती. बरा झाल्यावर मी विषय काढला तर खेकसली, "मेला असतास तर खोली धुवायला मलाच लागली असती."

म्हातारपणी तिला मूलबाळ कुणी नव्हतं. दर शुक्रवारी ऑफिसातून परतताना मी टेकडीवर जाऊन तिच्याबरोबर चहा घ्यायचो. ती सगळ्यांना अभिमानाने सांगायची, "हा माझा भाडेकरू. आता सगळ्या गावाचा गॅस हा आणतो."

आता स्टॅन. स्टॅन त्या बॉयलरहाउसचा बॉयलरमन. ठेंगणा, मोजकं बोलणारा, हातात कायम चिंधी. त्याची फरशी माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ असे. बॉयलरहाउसात एक जाड वही होती. रोजचं तापमान, दुरुस्त्या, कुणी काय सांगितलं, सगळं तीत लिहायचं आणि सांगणाऱ्याने सही करायची. स्टॅनची ती गीता होती.

या कराराच्या चारपाच वर्षं आधी, ऐंशीच्या दशकात, आमच्या कौन्सिलमध्ये वीज वाचवण्याची लाट आली होती, आणि लाटेच्या शेंड्यावर मी. हातात क्लिपबोर्ड घेऊन इमारतीमागून इमारत फिरायचो आणि दिसेल ते बंद करायचो. स्टॅनकडे टाकीपासून बॉयलरपर्यंत बाहेरून जाणारा तेलाचा पाइप होता. त्याला विजेवर तापणारी पट्टी, हीटिंग टेप, गुंडाळलेली, हिवाळाभर चालू. मी विचारलं, "तेल शेवटचं कधी वापरलं?"

"बरीच वर्षं झाली."

"मग ही टेप फुकट कशाला जळतेय?"

"फुकट नाही जळत, मिस्टर बॅपट," स्टॅन म्हणाला. "वाट बघतेय."

मला ते वाक्य फार आवडलं. ऑफिसात जाऊन मी ते सगळ्यांना रंगवून सांगितलं आणि आम्ही हसलो. पण त्या दिवशी वहीत मी लिहिलं: 'टेप काढून टाकावी. गरज नाही.' खाली सही. पुढच्या उन्हाळ्यात पाइपवरचं वेष्टण बदललं, तेव्हा टेप कापून फेकून दिली.

इथे एक गोष्ट सांगतो, ती तुम्हा मंडळींनाच कळेल. आमच्या बाथरूममध्ये खिडकीत खोबरेल तेलाची बाटली असते. या देशात ती वर्षातले नऊ महिने थिजलेली. माझी बायको मालती ती रोज सकाळी रेडिएटरवर ठेवते, आणि चहा होईपर्यंत तेल पातळ होतं. रोज! दाढी करताना वर्षानुवर्षं मी ती बाटली बघितली. थंडीत तेल थिजतं आणि त्याला ऊब लागते, हे मला कुठल्या इंजिनिअरने शिकवायला हवं होतं? बॉयलरचं तेलही तसंच. कडाक्याच्या थंडीत त्यात मेण धरतं आणि पाइप चोंदतो. माझ्या डोळ्यांसमोर रोज बाटली होती आणि माझ्या डोक्यात क्लिपबोर्ड होता. कपाळ माझं.

करार झाल्यावर दर वर्षी तेलाची चाचणी घ्यायची असे. आम्ही ती सप्टेंबरात घ्यायचो. हिवाळ्यात कोण उगाच बॉयलर बंद करणार? सगळी कौन्सिलं तेच करायची. सप्टेंबरच्या उन्हात तेल झकास वाहायचं. मी सही करायचो: 'पर्यायी इंधन तपासले. समाधानकारक.' स्टॅन एकदा म्हणाला, "चाचणी एकदा जानेवारीत घ्या." मी म्हणालो, "बघू." बघू म्हणजे नाही, हे तोही माझ्याकडून शिकला होता.

दोन हिवाळे सौम्य गेले. कच्च्या कराराचा फॅक्स आलाच नाही. भाव टिकला, नऊही कौन्सिलं खूश. ज्याची बाग गेली होती तोही माझ्याशी हसून बोलायला लागला.

तिसऱ्या हिवाळ्यात थंडी आली. चार दिवस गोठणबिंदूच्या वर पारा गेला नाही. पाचव्या दिवशी सकाळी फॅक्स आला: आज दुपारपासून गॅस बंद. मी यादी काढली, एकेका बॉयलरहाउसला फोन केले. स्टॅन म्हणाला, "ठीक." दुपारी त्याने गॅस बंद करून तेल सुरू केलं. बॉयलर पेटला. वीस मिनिटं चालला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. मग पेटेचना.

मी पोचलो तेव्हा स्टॅन बाहेर बर्फात गुडघ्यांवर बसून पाइपवर किटलीतलं उकळतं पाणी ओतत होता. फडकी गुंडाळायची, पाणी ओतायचं. पाच मिनिटांत फडकी लाकडासारखी कडक. त्याने फिल्टर उघडून मला दाखवला. आत पिवळट, घट्ट काहीतरी भरलेलं. बाटलीतलं खोबरेलच जणू. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा किटली आणायला गेला.

मी धावत तलावाच्या ऑफिसात गेलो आणि विक्रेत्याला फोन लावला. म्हणालो, आमचा गॅस चालू ठेवा, इथे म्हातारी माणसं आहेत. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्याने यादी पाहिली. "आमच्याकडे हा मीटर तरणतलावाचा आहे. तलाव बंद ठेवा ना तुम्ही."

"अहो, त्याच मीटरवर वृद्धाश्रम आहे!"

"यादी तुम्हीच दिलीत, सर."

खरंच होतं. आमचे आम्ही गॅस उघडू शकलो असतो का? असतो. पण एकाने करार मोडला तर नऊ जणांचा भाव मोडणार होता. मी आमच्या डायरेक्टरला विचारलं. तो म्हणाला, "बाकीच्या आठांना विचारून घे." आठ फोन. दोन जण जेवायला गेले होते, एक मीटिंगमध्ये होता. एकत्र येण्यात हीच मेख असते: कुणालाच एकट्याने हो म्हणता येत नाही. हे सगळं होईपर्यंत तीन तास गेले. शेवटी कुणालाही न विचारता मी स्टॅनला सांगितलं, "उघड गॅस." आणि गंमत ऐका, गंमत कसली म्हणा, विक्रेत्याने नंतर एका ओळीचं निषेधाचं पत्र पाठवलं आणि विषय मिटवला. भाव मोडला नाही. तीन तास मी ज्याला घाबरलो ते एवढंच होतं.

पण गार झालेला बॉयलर आणि जमिनीखालचे लांब पाइप लगेच तापत नाहीत. तोवर शाळांतून आणलेले विजेचे हीटर वृद्धाश्रमात एकदम लावले गेले आणि फ्यूज उडाले. मेट्रनने जास्त आजारी माणसांना मिनिबसने हॉस्पिटलात हलवायला घेतलं. मिसेस ॲक्रॉइड खुर्चीत बसली होती. अंगावर तीन ब्लँकेटं, डोक्यावर टोपी, ओठ निळसर. मी तिचा हात हातात घेतला. तिने मला ओळखलं, हे विशेष.

"बॅपट," ती म्हणाली, "मीटर संपला का रे? नाणं टाक की."

मी म्हणालो, "टाकतो."

तिलाही हॉस्पिटलात हलवलं, आणि दहाव्या दिवशी ती तिथेच वारली. न्यूमोनिया. त्याच हॉस्पिटलात मालती सिस्टर होती. डॉक्टर तिला म्हणाले, नव्वदीची बाई, कशानेही होऊ शकलं असतं. मालतीने मला तसंच सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, आणि आम्हा दोघांनाही ते कळत होतं.

कौन्सिलने चौकशी समिती नेमली. तीन सभासद, लांब टेबल, पाण्याचे ग्लास. प्रश्न एकच: टाकी भरलेली असताना तेल का वाहिलं नाही? तेलाच्या पाइपची देखभाल कुणाकडे? स्टॅनकडे. पाइपला ऊब देणारी टेप असायला हवी होती, ती कुठे गेली?

स्टॅन म्हणाला, "काढली होती."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी, मी बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "वहीत असेल."

"वही कुठे आहे?"

"सापडत नाही."

आणि मला, लिहायला लाज वाटते, मला हायसं वाटलं. चौकशी तीन दिवस चालली. तिन्ही दिवस मी तिथेच बसलो होतो. मला कराराबद्दल विचारलं, फॅक्सबद्दल विचारलं, मी व्यवस्थित उत्तरं दिली. टेपबद्दल कुणी विचारलं नाही. घरी आल्यावर मालती म्हणाली, "अहो, टेपचं सांगितलंत का?"

"विचारलंच नाही त्यांनी."

तिने पानं वाढली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही, आणि जी शिक्षा मला झालीच नाही, तिच्यापेक्षा हे वाईट होतं.

निकाल आला. देखभालीत हयगय, शिवाय वही हरवली. स्टॅनला लेखी ताकीद. बॉयलरहाउसातून काढून त्याला शाळांच्या कुंपणांना रंग लावायच्या कामावर घातलं. त्याने वसंतात नोकरी सोडली. मला मात्र बढती मिळाली. 'एकत्र खरेदीचा यशस्वी प्रयोग' म्हणून ठिकठिकाणी भाषणांना बोलावणी येऊ लागली. अगदी केंब्रिजलासुद्धा गेलो. दर भाषणात मी बजावायचो: चाचणी जानेवारीत घ्या, टेप तपासा, मीटरवर काय काय आहे ते यादीत लिहा. लोक वहीत टिपून घ्यायचे. 'हे आपल्याला कसं कळलं?' असं कुणी विचारलं तर मी म्हणायचो, "अनुभव."

रिटायर झाल्यावर चौथ्या दिवशी मी स्टॅनकडे गेलो. गावाबाहेर त्याचा भाजीचा वाफा आहे, तिथे तो लीक, म्हणजे कांद्याच्या जाड पातीसारखी भाजी, लावतो. मला पाहून त्याने फावडं टेकवलं. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा जमलं नसतं. "स्टॅन, ती टेप मी काढायला लावली होती."

"माहीत आहे की. लिहिलंय तुमच्या अक्षरात."

"वही तर हरवली होती."

"वही माझ्या पिशवीत होती," तो म्हणाला. "सँडविचच्या डब्याखाली. तिन्ही दिवस टेबलाखाली घेऊन बसलो होतो."

मी म्हणालो, "मग दाखवली का नाहीस?"

"दाखवली असती तर तुम्ही पकडले गेला असता. मला ते नको होतं. म्हटलं, माणूस उठेल, स्वतः सांगेल, मग वही टेबलावर ठेवू. तुमचं खोटं कुणी म्हणू नये म्हणून." त्याने फावड्याची माती बोटाने काढली. "तुम्ही उठलाच नाहीत. आणि मिस्टर बॅपट, बोलायला तुम्हाला तोंड होतं."

रागाने नाही म्हणाला. राग असता तर सोसला असता. मग खोपट्यात जाऊन त्याने वही आणली, माझ्या हातात दिली आणि वर दोन लीक दिले. नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही. मालतीने त्यांचं सूप केलं. मी वहीचं काय करणार, एवढंच तिने विचारलं.

ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. ते पान आपोआप उघडतं, इतक्यांदा ते कुणीतरी उघडलेलं आहे. कौन्सिलला एक पत्र लिहायचं, सोबत ही वही जोडायची आणि त्या ताकिदीवरचं स्टॅनचं नाव पुसून घ्यायचं. एका पानाचं काम. स्टॅन अजून हिंडताफिरता आहे, तोवर ते व्हायला हवं.

सुमतीबाई, तुम्ही अभिमानाचं मागितलं होतं, मी हे दिलं. एका बैठकीत लिहून झालं, कुठे अडलं नाही. का अडलं नाही तेही आता कळतंय. हे स्टॅनला वाचता येणार नाही. कौन्सिलातल्या कुणालाच वाचता येणार नाही. इंग्रजीतलं पत्र मी तीनदा सुरू केलं, आणि तिन्ही वेळा 'डियर सर'च्या पुढे गेलो नाही.